स्टिअरिंग डावीकडे, तारा उजवीकडे

बासिलिया कायिसायाला माणसांपेक्षा उंदीर परवडतात, असं गल्लीतले लोक म्हणत. उंदीर निदान वायर कुरतडून तिला काम तरी मिळवून देतात. कुणी म्हणे, तिला नमस्कार केला तर ती आधी त्यामागचं कारण शोधते आणि मग उत्तर देत नाही. कुणी म्हणे, तिचा नवरा ब्युनोस आयर्सला शिवणकामाला गेला आणि परत आला नाही, हे त्याच्या हातून घडलेलं एकमेव शहाणपण. समोर सूप विकणारी झेनोबिया तिची कोमाद्रे होती; झेनोबियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी बासिलियाने हातांवर घेतलं होतं. त्या नात्याची जाण ठेवून झेनोबिया तिच्या माघारी जरा कमी बोले, एवढंच. "कोमाद्रे आहे माझी," ती गिऱ्हाइकांना सांगे, "पण धरणीमातेलासुद्धा दोन थेंबांवर वाटेला लावते हो. कार्निव्हलच्या मंगळवारी अख्खी गल्ली तिच्या नावाने बाटल्या ओतून रिकाम्या करते, आणि ही बया बाटलीचं बूच ओलं करून झटकते."

डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरातल्या त्या गल्लीत दोन्ही फुटपाथांवर गाड्यांचे वायरमन बसत. दुकान कुणालाच नव्हतं. असोसिएशनने प्रत्येकाला तीन मीटर जागा आखून दिली होती आणि तिच्याभोवती पिवळ्या ऑइलपेंटची रेघ मारली होती. त्या रेघेच्या आत माणूस मिस्त्री होता; रेघेबाहेर तो वाऱ्यात उभा असलेला कुणीही होता. बासिलियाची जागा पूर्वी नवऱ्याच्या नावावर होती. तो गेला तेव्हा अध्यक्ष एउसेबियो चुकिमियाने ती मनातल्या मनात आपल्या जावयाला देऊनही टाकली होती. बासिलिया सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "काम पहिल्यापासून मीच करते. तो सावलीत बसून बोलत असे. बोलणारा गेला. आता काय अडलंय?" हे खरं असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जागा तिला मिळाली. ते सगळ्यांदेखत बोललं गेलं, म्हणून एउसेबियोने तिला आठ वर्षं माफ केलं नाही.

कार्निव्हल उलटून तीन आठवडे झाले आणि नेमेसियो लिमाचीची तक्रार आली.

नेमेसियोची टॅक्सी म्हणजे एक जुनी जपानी वॅगन. कधीकाळी तिचं स्टिअरिंग उजवीकडे होतं. ते उपटून डावीकडे बसवलेलं, पण वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, फ्यूजचा डबा, सगळा संसार उजवीकडेच राहिलेला. गाडी किती वेगात आहे हे पाहायला नेमेसियोला शेजारच्या उतारूच्या मांडीकडे नजर टाकावी लागे, आणि त्यावरून दोनदा भांडणं झाली होती. खाली ला पास शहराकडे जाणाऱ्या उतारावर गारा पडत असताना त्याने ब्रेक दाबला. मागचे दिवे लागले नाहीत. मागून येणारा ट्रक येऊन आदळला. नेमेसियोची बायको मागच्या सीटवर होती. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याआधी दहा दिवस बासिलियाने त्याच गाडीचा हॉर्न दुरुस्त केला होता. हॉर्न आणि ब्रेकचे दिवे त्या गाडीत एकाच फ्यूजवर चालत. नेमेसियोला एवढा पुरावा पुरेसा होता.

गल्लीचा नियम जुना होता. तक्रार आली की तक्रारदाराने गाडी त्या मिस्त्रीच्या जागेसमोर आणून लावायची आणि मिस्त्रीने ती सगळ्यांदेखत उघडायची. दोष मिस्त्रीच्या हातच्या कामात निघाला तर जागा गेली. दुसऱ्या कशात निघाला तर तक्रारदाराने गल्लीला बियर पाजायची. त्यामुळे अशा दिवशी काम कुणीच करत नसे. काहीही निघालं तरी बघणाऱ्यांचं नुकसान नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास वॅगन आली. ऊन डोळ्यांत टोचत होतं आणि वारा कानांत. बासिलियाने आपली गोल टोपी काढून गाडीच्या टपावर ठेवली, घेरदार घागरा गुडघ्यांखाली सारला आणि उजव्या दारापाशी बसली.

"या, मिस्त्रीणबाई," नेमेसियो म्हणाला. "बघा आपली करामत. बायको घरी बसलीय, एका हाताने बटाटे सोलते."

"दुसऱ्या हाताने तू सोल. दार धर, वाऱ्याने आपटतंय."

एउसेबियो सभेची वही बगलेत धरून पुढे आला. सभेत तो सगळ्यांना साथी म्हणे, आणि ज्याचा काटा काढायचा असेल त्याला जरा जास्त गोडीने म्हणे. "साथी बासिलिया, अत्यंत नम्रपणे सांगतो, आरोप गंभीर आहे."

"नम्रपणा वहीत ठेवा, अध्यक्षसाहेब, दुमडेल. जावई आलाय का?"

जावई आला होता. खिशात हात घालून तो पिवळ्या रेघेवर उभा होता. त्याचा एक बूट आत होता.

"बूट बाहेर," बासिलिया मान न वळवता म्हणाली. लोक हसले. जावयाने बूट मागे घेतला, पण इंचभरच.

फ्यूज जळून काळा पडला होता. नवा घातला असता तर तोही जळला असता, किंवा आज जळला नसता आणि उद्या उतारावर जळला असता. बासिलियाने नवा फ्यूज घातला नाही. तिने ब्रेकचाच एक सुटा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि फ्यूजच्या जागी त्यांची टोकं खुपसून बल्ब सगळ्यांना दिसेल असा आरशाला टांगला. वीज वाट चुकून गाडीच्या पत्र्याला भिडली की हा बल्ब पेटतो. ती वाटेवर आली की विझतो. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ही युक्ती येत होती. उरलेल्या अर्ध्यांनी आपल्याला येते असा चेहरा केला.

"ब्रेकची वायर हिरवी असते," मागून कुणीतरी सल्ला दिला.

"जपानमध्ये असते," बासिलिया म्हणाली. "जहाजातून उतरल्यावर रंगाला अर्थ राहत नाही. तुला अजून कळलं नाही म्हणून तुझ्याकडे गाड्या दुसऱ्यांदा येतात."

बल्ब पेटला नाही. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, तरी पेटला नाही.

एउसेबियोने घसा साफ केला. "म्हणजे आता दोष नाही. म्हणजे दोष होता, आणि अपघाताच्या दहा दिवस आधी कुणीतरी काहीतरी सैल सोडलं..."

"गाडी रिकामी आहे. नेमेसियो, तू रिकामी गाडी हाकतोस का?"

"नाही."

"किती माणसं कोंबतोस?"

"नियमाप्रमाणे. चार."

"थापा मारतोय," झेनोबिया पातेल्यामागून ओरडली. "परवा मी सातवी होते. माझ्या मांडीवर एक म्हातारा होता आणि त्याच्या मांडीवर कोंबडी!"

"सात जण बसा," बासिलिया म्हणाली.

तिला घालवायला आलेले सात सभासद कुरकुरत, एकमेकांच्या टोप्या सांभाळत गाडीत शिरले. पुढची सीट मानाची, म्हणून ती एउसेबियोने घेतली. त्याच्याजवळ आणखी एकाला सरकवलं. दार लागेना. बासिलियाने ते कमरेने ढकललं. अध्यक्षांचा गुडघा डॅशबोर्डच्या खालच्या कडेला जाऊन टेकला आणि आरशाला टांगलेला बल्ब लख्ख पेटला.

"पेटला!" म्हणत एउसेबियो पाहायला पुढे वाकला. गुडघा हलला. बल्ब विझला.

"हलू नका. गुडघा होता तिथे ठेवा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. पहिल्यांदाच तुमचा गल्लीला काही उपयोग होतोय."

अर्धा तास अध्यक्ष तसे बसून राहिले. मागचे पाच जण उतरायचं म्हणाले. बासिलियाने उतरू दिलं नाही. तिने डाव्या दारातून आत वाकून डॅशबोर्डखालच्या पट्टीचे स्क्रू काढले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून घेतले. वायर डोळ्यांनी शोधली की डोळा रंगाला भुलतो. बोट भुलत नाही. फ्यूजच्या डब्यातून निघालेली कारखान्याची वायर तिने दोन बोटांत धरली आणि इंच इंच पुढे गेली. जुन्या स्टिअरिंगचा दांडा जिथून इंजिनाच्या बाजूला जात होता तिथे एक मोठं भोक होतं, त्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला, कडेच्या फटीत पुट्टीसारखी लांबी भरलेली. लांबी वाळून गळून पडली होती. त्या पत्र्याला लागूनच कारखान्याच्या वायरला एक निळी वायर जोडलेली होती आणि ती पुढे डावीकडे, ब्रेकच्या पायटीकडे गेली होती. पत्र्याची कड बोटाला लागली आणि त्याबरोबर काहीतरी थंड, लिबलिबीत लागलं.

तिने मूठभर बाहेर काढलं आणि नेमेसियोच्या तळहातावर ठेवलं. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कागदी टिकल्यांचा तो लगदा होता. त्याला शिळ्या बियरचा आणि उसाच्या कडक दारूचा वास येत होता.

"ओळखतोस का?"

सगळ्यांनीच ओळखलं होतं. कार्निव्हलच्या मंगळवारी त्याने, त्याच्या भावांनी आणि मेव्हण्यांनी गाडीला फुलं वाहिली होती, टिकल्या उधळल्या होत्या आणि बॉनेटपासून काचेपर्यंत बाटल्या ओतल्या होत्या. ते शिंपण गल्लीत प्रत्येकाने केलं होतं. कुणाच्या गाडीवर, कुणाच्या हत्यारांवर, कुणाच्या उंबऱ्यावर.

"काचेखालच्या जाळीतून टिकल्या आत गेल्या," बासिलिया म्हणाली. "पाणी वाहून जायचं नळकांडं बुजलं. गारा वितळल्या त्या या भोकातून आत आल्या. त्याआधी तुमची दारू आली होती. तिने जॉइंटवरच्या टेपचा गोंद विरघळवला. टेप बघ, सैल मोज्यासारखी खाली उतरलीय. तांबं उघडं पडलं. पुढच्या उतारूचा गुडघा लागला की तांबं पत्र्याला टेकतं. माझा हॉर्न तिकडे, स्टिअरिंगमध्ये आहे. इकडे मी हात लावला नव्हता."

"धरणीमातेला दिलेलं कुणाच्या मुळावर येत नाही," नेमेसियो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"धरणीमाता जमिनीत असते. तू तिला डॅशबोर्डात पाजलीस."

यावर कुणी हसलं नाही. मागच्या सीटवरून एक म्हातारा सभासद म्हणाला, "तोंड आवर, पोरी." दुसरा म्हणाला, "बूच ओलं करणारीने आम्हाला शिकवू नये." थोड्या वेळापूर्वी जी गर्दी करमणुकीला जमली होती, ती आता एका बाजूला झाली. बायकोचं हाड नेमेसियोच्या शिंपणाने मोडलं असेल, तर उद्या कुणाचं काय कुणाच्या शिंपणाने मोडेल, याचा हिशेब प्रत्येकाच्या कपाळावर उमटला होता, आणि तो कुणालाच नको होता.

त्यातून वाट एउसेबियोने काढली. त्याचा गुडघा आखडला होता, पण डोकं चालू होतं. त्याने वाकून पट्टीखाली पाहिलं आणि ती निळी वायर बाहेर ओढली.

"साथींनो, शिंपणाचा दोष नाही. शिंपण आपले आजे-पणजे करत आले. दोष इथे आहे. हा जॉइंट बघा! ज्याने स्टिअरिंग हलवलं त्याने घातलेला. वायरला गाठ मारलीय, गाठ! वायर आहे की शेळीचं दावं? तिकडे इकिकेच्या बंदरातल्या कुठल्यातरी गाढवाने केलेलं काम. लिहून घेतो: दोष अज्ञात कारागिराचा. साथी बासिलियाची जागा राहील. साथी नेमेसियो बियर पाजेल. मिटलं."

गर्दीने श्वास सोडला. या निकालात धरणीमाता सुटली होती, नेमेसियो सुटला होता, बियर मिळणार होती, आणि गाढव समुद्राकाठी होतं, सीमेपलीकडे.

ती गाठ बासिलियाने त्याच्याआधी पाहिली होती. पाहण्याआधी ती तिच्या बोटाला लागली होती.

सोळा वर्षांपूर्वी ती मावशीबरोबर डोंगर उतरून इकिकेला गेली, तेव्हा बंदराबाहेरच्या पत्र्याच्या शेडांमध्ये जपानी गाड्या रांगेने उभ्या असत. पुरुष अर्ध्या दिवसात स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे नेत. वायरिंग बायकांकडे असे, कारण त्यांचे हात आत जात. मुकादम दर आठवड्याला जो रोल स्वस्त मिळेल तो आणी; एक आठवडा सगळ्या गाड्यांत पिवळी वायर, एक आठवडा निळी. बाकीच्या बायका दोन टोकं पिळत आणि टेप गुंडाळत. बासिलिया आधी एक गाठ मारी, मागावर ताण्याचा तुटलेला धागा तिची आई जशी जोडे तशी. म्हणजे ओढ बसली तर ती गाठीवर बसे, जोडलेल्या तांब्यापर्यंत पोहोचत नसे. त्यात वेळ जाई. मुकादम सगळ्यांसमोर तिची गाठ वर धरून दाखवी आणि म्हणे, वरच्या गावांतून आणलेल्या बाईला काम दिलं की असं होतं. पाच वर्षं त्याने हे केलं. पाच वर्षं तिने गाठ मारली.

गल्लीत आल्यापासून तीन गाड्यांत तिला आपली गाठ सापडली होती. प्रत्येक वेळी तिने नवी टेप गुंडाळून पट्टी बंद केली होती आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. आजही तिच्या हाताने टेपचा तुकडा फाडलाच होता.

पण एउसेबियो थांबला नाही. त्याने ती वायर मेलेल्या उंदराच्या शेपटासारखी दोन बोटांत धरून जावयाला दाखवली. "बघून घे. शिकण्यासारखं आहे. असा जॉइंट कधी घालायचा नाही. ज्याने घातला त्याच्या हातात पुन्हा पक्कड देऊ नये."

जावई हसला.

"ओढ," बासिलिया त्याला म्हणाली.

"काय?"

"हसतोस ना? मग ओढ. तोडून दाखव."

जावयाने एका हाताने ओढली. मग दोन्ही हातांनी. मग दाराला पाय लावून ओढली. वायरीचं निळं कातडं ताणून पांढरं पडलं, त्याचा चेहरा लाल झाला, आणि सांधा जागचा हलला नाही.

बासिलिया उठून उभी राहिली. "सोळा वर्षांनी! तुमच्यापैकी कुणाचा जॉइंट असा धरतो? तुझा आठवडाभरात सुटतो. तुझा, मागे लपतोस त्याचा, गिऱ्हाईक घरी पोहोचेपर्यंतच. आणि तुमचा, अध्यक्षसाहेब, पक्कड खाली ठेवायच्या आत. टेप सुटलीय. जॉइंट सुटलेला नाही. दोष लिहायचा तर दारूचा लिहा, नाहीतर लिहू नका. गाढवाचा लिहायचा नाही."

"केवढा पुळका," नेमेसियो म्हणाला. "जसा काही तुझाच आहे."

"माझाच आहे."

एउसेबियोने गुडघा काढून घेतला, सावकाश पाय खाली सोडला आणि वहीचं पान उलटलं.

"साथी बासिलिया," तो अतिशय गोड आवाजात म्हणाला, "नोंदीसाठी पुन्हा सांगाल का?"

"इकिके. निळ्या वायरचा आठवडा. गाठ माझी, जॉइंट माझा. कायिसाया नीट लिहा, मागच्या वेळी चुकवलं होतंत."

नियम सरळ होता: दोष हातच्या कामात निघाला तर जागा गेली. ते काम कुठल्या गावी आणि कुठल्या साली केलेलं, याबद्दल नियमात काही नव्हतं. टेप आणि सांधा यांतला फरक कुणी विचारला नाही. हात वर करायला सांगितल्यावर ते एकेक करून वर झाले. तिने ज्यांच्या अडलेल्या गाड्या मोकळ्या करून दिल्या होत्या त्यांचेही झाले. ते जरा उशिरा झाले, एवढंच. झेनोबियाला मत नव्हतं, सूपवाल्यांची असोसिएशन वेगळी. ती पातेल्यात बघत राहिली.

बासिलियाने मात्र काम सोडलं नाही. तिने उरलेला लगदा उपसला, नळकांड्यातून तार फिरवली, सांधा कोरडा केला, त्यावर कापडी टेप दाबून गुंडाळली आणि वायर पत्र्यापासून दूर बांधली. बल्ब काढून फ्यूज घातला. नेमेसियोला ब्रेक दाबायला लावलं. मागे दोन्ही दिवे लागले. त्याने आभार मानले नाहीत आणि तिने वाट पाहिली नाही. तोवर जावयाने तिचं स्टूल उचलून रेघेबाहेर ठेवलं होतं आणि आपलं आत आणलं होतं.

तिने टपावरची टोपी घेतली, हत्यारांचं गाठोडं पाठीला बांधलं आणि समोर जाऊन झेनोबियाच्या बाकावर बसली. झेनोबियाने न मागता चाइरो सूपचं ताट पुढे केलं. त्यात चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले काळे बटाटे, नेहमीपेक्षा जास्त होते.

"कोमाद्रे, तुझं डोकं फिरलंय का?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "तो मेला स्वतः जागा देत होता तुला. हातात ठेवत होता. गप्प बसली असतीस तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

बासिलियाने चमचा घातला, चव घेतली आणि ताट परत सरकवलं.

"जागा असोसिएशनची होती, त्यांनी घेतली. जॉइंट माझा आहे, तो त्या हलकटाच्या वहीत गाढवाच्या नावावर कशाला राहू देऊ? आणि सूप गार दिलंयस. गरम घाल."